प्रश्नचिन्हानंतरचं

चिखलदऱ्याला जायचं ठरलं. मोबाइलवर खोली पाहिली, लिंक दादाला पाठवली. पाच मिनिटांत त्याचा फोन : "काऊन रे, मायले नाही नेऊन राहिला का?"

मी जायच्या आधीच गार! आईविषयी तर मी अवाक्षर काढलं नव्हतं.

मग लिंक नीट वाचली. प्रश्नचिन्हापर्यंत पत्ता; पुढं आपली मागणी. माणसं=2, मुलं=1, मधे 'आणि'चं वळणदार चिन्ह. आमच्या बँकेत काउंटर सगळ्यांना एकच, पण पैसे मिळतात ते स्लिपवर लिहिलं असेल तसे. मी पत्ता म्हणून दादाला माझी भरलेली स्लिपच दिली होती!

प्रश्नचिन्हापासूनचं शेपूट छाटलं असतं, तरी हॉटेलचं पान बहुधा उघडलंच असतं. ही छाटणी म्हणजे लबाडी की सभ्यता? न विचारलेलं न सांगणं हे तर आम्हां बँकवाल्यांचं व्रतच. पण छाटून दोनाचे तीन थोडेच होणार होते? परतवाड्यापुढचा घाट, आईचे गुडघे, सगळी कारणं माझ्याकडे तयार होती. आईला तेवढं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी विचारलं.

"शाल घेऊ का रे मंग?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता ट्रंकेकडे गेली.

मी दोनाचे तीन केले. भाडं लगेच वाढलं.