निर्माल्य कोणाला पोचते?

बडोद्याचे खंडेराव मार्केट सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये उभारले. आज त्या वास्तूत महानगरपालिकेची कचेरी आहे आणि आवारात भाजी, फळे, फुले यांचा बाजार. गणपतीच्या दिवसांत मराठी घरांतली माणसे दूर्वा, झेंडू, जास्वंद घ्यायला इथे येतात. दुसऱ्या सकाळी तीच फुले देवावरून उतरतात. पायदळी येऊ नये म्हणून निर्माल्य पाण्यात सोडायचे, हा जुना रिवाज. पण देवाला वाहिलेले ते फूल अखेर पोचते कोणाला?

झेंडू वाळवला तर उरलेल्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. तो हवेतला. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, तेवढ्यातून पाने उन्हाच्या बळावर साखर घडवतात. नत्र, स्फुरद, पालाश मात्र मुळांनी मातीतून उचललेले असते. फूल कुजले की बुरशी आणि जिवाणू त्यातला बराचसा कार्बन हवेला परत करतात, आणि हवा ही फेड कुठेही स्वीकारते. स्फुरदाचे तसे नाही. त्याला हवेचा रस्ता जवळजवळ नाहीच. बडोद्याजवळच्या पादरा गावच्या मळ्यातून भाजीबरोबर शहरात आलेला स्फुरद विश्वामित्री नदीतून वाहत समुद्रतळाशी जाऊन बसला, तर खडक होऊन पुन्हा जमिनीवर यायला कोट्यवधी वर्षे लागतात. ज्या मातीने दिले, तिच्या हाती तो पडतच नाही.

या परतफेडीचा विचार मांडणारे विनोबा भावे याच बडोद्यात शिकले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी टिपून घेतली. सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी यज्ञाचा अर्थ सांगितला: आपल्या वापराने सृष्टीची जी झीज होते ती भरून काढणे. यात तूप नाही, समिधा नाहीत. जमिनीचा कस आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही प्राणी अन्नातून, अन्न पावसातून आणि पाऊस यज्ञातून, असे चक्र आहे. मिळालेले परत न करता भोगणाऱ्याला तिथे चोर म्हटले आहे.

यावर एक आक्षेप खरा आहे. बुरशीला यज्ञ ठाऊक नाही. माणूस येण्याआधी कोट्यवधी वर्षे हे चक्र कोणत्याही संकल्पाशिवाय फिरत होते; मग त्यात धर्म कुठला? उत्तर माणसाच्या सामर्थ्यात आहे. जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कार्बन हवेतून घेतात आणि जवळपास तेवढाच श्वसनाने, कुजण्याने, वणव्यांनी परततो. कोळसा आणि तेल जाळून माणूस त्यात साधारण १० अब्ज टनांची भर घालतो. आकडा लहान दिसतो, पण हा कार्बन युगानुयुगे जमिनीखाली गाडलेला होता आणि त्याचा अर्ध्याहून कमी भाग हवेत राहिला तरी साठा वाढतच जातो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० च्या वर आहेत. चक्र मोडण्याची ताकद ज्याच्या हाती आली, त्याच्यावरच ते चालवण्याचे कर्तव्यही येते. बुरशीवर ते नाही.

म्हणून निर्माल्य मातीत घालणे हा देवाचा अवमान नव्हे. वाहणे तिथे पुरे होते. तैत्तिरीय उपनिषदात भूते अन्नातून जन्मतात, अन्नाने जगतात आणि अन्नातच शिरतात. फुलांतला दोरा, प्लास्टिक, जरीचे धागे काढून कोरड्या पानांबरोबर, ओल आणि हवा राखून ती कुजवली तर काही महिन्यांत खत होते. तीच फुले कचऱ्याच्या डोंगरात हवेविना दबली तर मिथेन सुटतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून अधिक उष्णता अडवतो.

विनोबा हा विचार स्वतः जगले. १९४० च्या दशकात ते वर्ध्याजवळच्या पवनारहून खांद्यावर फावडे घेऊन जवळच्या सुरगावला पायी जात आणि तिथला मैला साफ करत. फुलांपेक्षा कितीतरी अवघड अशी ही परतफेड आहे, आणि मातीचा बराच नत्र-स्फुरद मैल्यातच अडकलेला असतो.