शांततेची किंमत कोण देतं?

पुणे–नाशिक जलद रेल्वेचा आधीचा मार्ग नारायणगाव परिसरातून जाणार होता. तिथेच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या कामात अडथळा येईल म्हणून मार्ग बदलायचं ठरलं आणि जुन्नर-आंबेगावात नाराजी पसरली. प्रश्न रास्त आहे: कुठल्याशा दीर्घिकेसाठी आमची गाडी का जावी?

आधी ती दीर्घिका सापडते कशी, ते पाहू. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांनी 150 मेगाहर्ट्झवर आकाशाचा बराचसा भाग धुंडाळला. सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी झाली. त्यातून कमी वारंवारतेला ठळक आणि जास्त वारंवारतेला झपाट्याने फिके पडणारे स्रोत वेचले, कारण फार दूरच्या रेडिओ दीर्घिका बहुधा अशा असतात. त्यातल्या एकीचा प्रकाश हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीने तपासला. वर्णपटात एकच रेषा मिळाली. हायड्रोजनची 121.6 नॅनोमीटरची रेषा ताणली जाऊन 817 च्या आसपास आली, असा तिचा अर्थ लावला गेला. त्या अर्थानुसार प्रकाश निघाला तेव्हा विश्व जेमतेम 100 कोटी वर्षांचं होतं. 2018 मध्ये ती सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका म्हणून जाहीर झाली. हा आकडा बदलला तरी शोधाची सुरुवात खोडदच्या शांततेतच झाली, हे बदलणार नाही.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मला तोकडा वाटतो. मी दिवसभर उपयोगी कोड लिहितो. त्यातला बराचसा दोन वर्षांत कुणाला आठवतही नाही. रूळ वळवता येतात. दीर्घिकेला मात्र ‘जरा मोठ्याने बोल’ असं सांगता येत नाही.

पण म्हणून ‘मानवजातीच्या ज्ञानासाठी’ म्हणत हात झटकणंही मला पटत नाही. त्या शोधाचं नेतृत्व नेदरलँड्समधल्या लायडनच्या चमूकडे होतं, यादी जगभर खुली आहे, अभिमान आपण पुण्यात बसून बाळगतो. गाडी मात्र जुन्नरची गेली. ज्ञान सगळ्यांचं असेल, तर त्याचं बिल एकाच तालुक्याच्या नावावर का फाडायचं?

खोडदला दरवर्षी विज्ञानदिनी शाळकरी मुलांची गर्दी होते, ते छानच. पण प्रदर्शन म्हणजे भरपाई नव्हे. शांतता हवी असेल तर तिचा मोबदला रस्ते, दुसरी वाहतूक आणि रोजगार यांतून द्यायला हवा. दुर्बीण राहावी, असंच मला वाटतं. म्हणूनच हे देणं माझंही आहे.