दिसले नाही, की पाहिले नाही?

आजाऱ्याच्या भेटीला गेलो की घरची माणसे पुष्कळदा कपाटावरून एक मोठा लिफाफा खाली काढतात. त्यातील काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून म्हणतात, "फादर, बघा." आम्ही बघतो. चौकोनाशेजारी चौकोन, आणि प्रत्येकात अक्रोडाच्या गरासारखी एक करडी आकृती. त्या घरातील कर्त्या माणसाचे भवितव्य त्या छटांत लिहिलेले असते. पण आम्हांला ती लिपी येत नाही. आम्हांला काही दिसले नाही म्हणून कोणी बोल लावीत नाही. तीच फिल्म तज्ज्ञासमोर असेल आणि त्यालाही दिसले नाही तर? न दिसणे हा केव्हा दोष ठरतो?

मेंदू व मज्जारज्जू यांच्या प्रतिमा वाचण्याच्या शास्त्राला न्यूरोरेडिऑलॉजी म्हणतात. कवटीच्या आत डोकावण्याची माणसाची धडपड जुनी आहे. बाल्टिमोरचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी 1918 मध्ये मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरणचित्रे घेतली. लिस्बनच्या एगाश मोनिझ यांनी 1927 मध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्या चित्रित केल्या. पुढे 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमधील विंबल्डन येथे अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन झाले. कवटीला धक्का न लावता मेंदू दिसू लागला. 1979 साली या कार्याबद्दल हाउन्सफील्ड यांना अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक लाभले.

परंतु यंत्र दाखविते. पाहावे लागते माणसालाच, आणि पाहणे वर्षानुवर्षे शिकावे लागते. अमेरिकेत वैद्यकीय पदवीनंतर एक वर्षाची उमेदवारी, मग चार वर्षे क्ष-किरणशास्त्र, आणि त्यानंतर एखाद्या मोठ्या रुग्णालयात न्यूरोरेडिऑलॉजीची एक वर्षाची फेलोशिप असा क्रम आहे. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत एम. डी. नंतर याच विषयासाठी तीन वर्षे द्यावी लागतात. या काळाचे स्वरूप जुन्या गुरुकुलाचेच असते. मंद उजेडाच्या खोलीत शिकणारा डॉक्टर आधी एकट्याने प्रतिमा वाचतो व कच्चा अहवाल लिहितो. मग ज्येष्ठ डॉक्टर शेजारी बसून त्याच प्रतिमा पुन्हा पाहतात, चुका दाखवितात आणि अहवालावर सही करून जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतात.

तेथे एक गोष्ट आवर्जून शिकविली जाते. डोळ्याला एक विकृती सापडली की त्याचे समाधान होते आणि शोध तेथेच थांबतो. गाठ सापडली, पण पलीकडची बंद पडलेली शीर राहून गेली, असे घडते. म्हणून ठरलेल्या क्रमाने कवटीचा तळ, डोळ्यांच्या खोबण्या, शिरा, मानेचे वरचे मणके असा प्रत्येक कोपरा पाहण्याची सवय लावावी लागते. हे वाचताना आम्हांला आमच्या सेमिनरीतील शेवटचे वर्ष आठवले. पापनिवेदन ऐकण्याचा सराव करताना आम्हां उमेदवारांना हाच धडा मिळाला होता. माणूस प्रथम जे पाप उच्चारतो ते बहुधा सर्वांत जड नसते. पहिल्या शब्दावरच उपदेश सुरू करणाऱ्या धर्मगुरूच्या कानी दुसरा शब्द कधी पडतच नाही.

तरीही प्रशिक्षित डोळा फसतो. 2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चोवीस क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांच्या सीटी प्रतिमांत बारीक गाठी शोधावयास सांगितले होते. शेवटच्या स्कॅनमध्ये संशोधकांनी एका गोरिलाचे चित्र मिसळले होते. चोविसांपैकी वीस जणांना तो दिसला नाही. नेत्रहालचालींच्या नोंदीवरून असे आढळले की, त्या विसांपैकी बहुतेकांची नजर नेमकी त्याच जागी जाऊन आली होती. नजर पोहोचली, मन पोहोचले नाही.

हे पाप म्हणावे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात अज्ञानाची चिकित्सा करताना एक रेषा आखून दिली आहे. प्रयत्न करूनही जे दूर होत नाही ते अज्ञान दोषास्पद नसते. परंतु जे जाणून घेणे आपले कर्तव्य होते आणि शक्यही होते, ते न जाणणे हा दोष आहे. त्या तज्ज्ञांनी आळस केला नव्हता. सोपविलेले काम ते मन लावून करीत होते. त्यांना अपराधी कसे म्हणावे? डोळा थकतो, मेंदूच्या एकेका तपासणीत शेकडो प्रतिमा असतात, आणि पक्षाघाताच्या रुग्णाला वेळ नसतो. मोठी रक्तवाहिनी तुंबली असता दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब 2006 साली मांडला गेला आहे. अशा घाईत थकल्या माणसाला रात्रभर एकट्याने बसविणाऱ्या व्यवस्थेनेही त्याच्या चुकीतील आपला वाटा मान्य केला पाहिजे.

मात्र अक्वायनसांची ती रेषा एका जागी स्थिर राहत नाही. शिक्षण तिला पुढे सरकविते. काल जे अज्ञान क्षम्य होते ते आज शिकल्यावर क्षम्य राहत नाही. पदवी मिळते तेव्हा अधिकार वाढतो, असे आपण समजतो. वास्तविक तेव्हा आपल्या सबबी कमी होतात. आणि आमच्या मते खरी कसोटी चूक होते त्या रात्री लागत नाही. ती लागते दुसऱ्या सकाळी. रात्री 'सर्व ठीक' म्हणून लिहिलेल्या स्कॅनमध्ये सकाळी ज्येष्ठांना रक्तस्रावाची बारीक रेघ दिसते. आता शिकाऊ डॉक्टरने वॉर्डात फोन करून म्हणावयाचे असते, "माझ्याकडून पाहायचे राहिले, रुग्णाला पुन्हा तपासा." फोन उचलणारा हात जड होतो. रात्रीची चूक डोळ्याची होती. सकाळचे मौन हे इच्छेचे असते, आणि पाप इच्छेतच जन्मते.

तो हात हलका कशाने होईल? 2008 साली जेरुसलेमच्या एका रुग्णालयातील डॉ. येहोनातन टर्नर यांनी सीटी प्रतिमांसोबत रुग्णांची छायाचित्रे दाखविण्याचा प्रयोग मांडला. चेहरा पाहून आपुलकी वाढली, असे तज्ज्ञांनीच सांगितले. काही महिन्यांनी तीच स्कॅन छायाचित्राविना दाखविली, तेव्हा पूर्वी टिपलेल्या अनेक आनुषंगिक बाबी नोंदवावयाच्या राहून गेल्या. शेजाऱ्याचा चेहरा समोर असला की डोळा अधिक जागा राहतो.

मार्ककृत शुभवर्तमानात बेथसैदाचा आंधळा दोन टप्प्यांत बरा होतो. पहिल्या स्पर्शानंतर प्रभू येशू त्याला विचारतो, काही दिसते काय? त्याला माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. तो तसेच सांगतो. भिडेपोटी वा आनंदाच्या भरात तो 'सर्व स्पष्ट दिसते' असे म्हणाला असता, तर दुसऱ्या स्पर्शाची वाट त्यानेच बंद केली असती. आम्हांला वाटते, अंधाऱ्या खोलीत शिकणाऱ्या त्या तरुणांनी आणि वेदीवरून बोलणाऱ्या आम्हीही प्रथम हेच एक वाक्य शिकावे: मला अजून स्पष्ट दिसत नाही. खिडकीपाशी फिल्म धरून उभ्या असलेल्या त्या घरच्या माणसांचा आपल्यावर एवढा तरी हक्क आहे.