मम म्हणा

सत्यनारायणाच्या पूजेला मी आजवर निदान वीस वेळा बसलो असेन. गुरुजी एका दमात बरंच काही संस्कृतात म्हणतात आणि दम संपला की आमच्याकडे बघून सांगतात, "मम म्हणा." मी म्हणतो, "मम." मधल्या वेळात माझ्या नावावर काय काय कबूल झालं, याची मी आजतागायत चौकशी केलेली नाही. गुरुजी ओळखीचे आहेत, प्रसाद उत्तम असतो आणि देव सहसा कोर्टात जात नाही. एवढ्या भांडवलावर आमचा व्यवहार सुरळीत चालला आहे.

हीच सवय घेऊन मी एका रात्री काँप्युटरपुढे बसलो.

झालं असं, की आमच्या कन्येच्या परीक्षेच्या फॉर्मला फोटो पन्नास केबीच्या आत हवा होता. (कन्या जन्मली तेव्हासुद्धा तिचं वजन इतकं काटेकोर कुणी पाहिलं नव्हतं.) रात्रीचे साडेदहा झालेले, फॉर्मची शेवटची तारीख, आणि त्या वेळी कळमेश्वरात जागी असतात ती फक्त कुत्री आणि इटारसीकडे जाणाऱ्या गाड्या. मी फोटो लहान करणारा एक फुकटचा प्रोग्रॅम शोधून काढला. त्याने इंग्रजीत पाच वेळा काहीतरी विचारलं. मी पाचही वेळा 'नेक्स्ट' दाबलं. म्हणजे पाच वेळा मम. फोटो लहान झाला, घरात मी मोठा झालो. हा मोठेपणा सकाळपर्यंत टिकला.

सकाळी ब्राउझर उघडला तर नेहमीचं पान गायब. त्या जागी जन्मात न पाहिलेलं कुठलंसं शोधपान. सौ.ने गोळाभाताची कृती शोधली, तर गुडघेदुखीचं तेल आलं. कोपऱ्यात दर दोन मिनिटांनी एक लाल चौकट उगवून सांगू लागली, की तुमचा काँप्युटर धोक्यात आहे. मी कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन प्रोग्रॅम काढून टाकला. चहा पिऊन येतो तो पान पुन्हा हजर. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन जुनं पान लावलं. मशीन बंद करून चालू केलं, की नवं पान परत गादीवर. शेवटी ब्राउझरच काढून पुन्हा बसवला. तर तो मलाच सांगतो, की 'हा ब्राउझर तुमच्या संस्थेच्या नियंत्रणाखाली आहे.'

"आपल्या घरात संस्था?" सौ. म्हणाली. "आणि अध्यक्ष कोण म्हणे?"

हा वाद नवा नसल्यामुळे मी गप्प राहिलो.

रविवारी नागपूरहून भाचा आला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "मामा, हा भाडेकरू एका खोलीत राहून नाही राहिला. तुम्ही पुढचं दार लावता, तो मागून येते."

आणि खरंच त्याने खोल्या दाखवल्या. एक बिऱ्हाड ब्राउझरच्या एक्स्टेन्शनमध्ये. दुसरं टास्क शेड्युलरमध्ये: तिथे गड्याने वेळ लावून ठेवली होती, की मशीन चालू झालं की आपलं सामान पुन्हा मांडायचं. तिसरं सगळ्यांत कावेबाज. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या चित्रावर आपण टिचकी मारतो ना, त्या चित्राच्या पोटात जो पत्ता असतो, त्याला त्या पानाचं शेपूट जोडलेलं. ती 'संस्था' म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत घुसवलेला एक नियम, कार्यालयांना आपल्या मशिनी ताब्यात ठेवायला केलेली सोय याने आमच्या घरात लावली होती. आणि ती लाल चौकट? एका साइटला नोटिफिकेशनची परवानगी मीच दिली होती. भाच्याने आधी इंटरनेट तोडलं, शेड्युलर साफ केला, मग प्रोग्रॅम, एक्स्टेन्शन, नियम, शेपूट असं एकेक उपटलं. गूगल खात्याचं सिंक बंद केलं, नाहीतर काढलेलं एक्स्टेन्शन तिथून परत उतरतं. उरलंसुरलं शोधायला अ‍ॅडक्लीनर नावाचं औषध फिरवलं आणि पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलायला लावले. एवढं बारकाईने आमच्याकडे दिवाळीलाही झाडत नाहीत.

"पण हा चोर आत आला कसा?" मी विचारलं.

"चोर नाही मामा, पाहुणा. तुम्हीच बोलावला." त्याने ती उतरवलेली मूळ फाइल टाकून देण्याआधी तिचा तिसरा पडदा उघडून दाखवला. खाली फिक्कट करड्या अक्षरांत एक ओळ, तिच्यापुढे बारीक चौकोन, आणि चौकोनात बरोबरची खूण आधीपासूनच मारलेली. अर्थ असा, की माझं मुख्य पान आणि शोधयंत्र बदलायला माझी संमती आहे.

"याला मी कधी हो म्हटलं?" मी ओरडलो. "मी फोटोला हो म्हटलं होतं!"

भाचा माझं सांत्वन करू लागला. २०१७ साली चेक पॉइंट या इस्रायली कंपनीने फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या 'फायरबॉल' नावाच्या अशाच एका पाहुण्याची मोजदाद जाहीर केली होती. जगात पंचवीस कोटी काँप्युटर, त्यांतले अडीच कोटींवर भारतातले. आपला नंबर पहिला. मायक्रोसॉफ्टने हा आकडा फुगवलेला आहे म्हटलं ते सोडा. पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. मी आत्ताच जे वाक्य बोललो, ते मी कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं.

आठवलं. आमच्याच काउंटरवर. धापेवाड्याकडचे एक काका, थोडा संत्र्याचा बगीचा, पीककर्ज घेतलेलं. कर्जाच्या कागदांच्या गठ्ठ्यात एक विम्याचाही कागद होता. सह्या मीच घेतल्या होत्या. वर्षाने खात्यातून बाराशे रुपये कापले गेले, तेव्हा ते पासबुक घेऊन आले. मी फाइल काढली आणि बोट ठेवलं, "काका, ही सही तुमचीच ना?"

"सही माहीच हाय जी. पण मी तं कर्जाले हो म्हटलं होतं."

मी म्हणालो, कागदावर तसं नाही. ते पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून निघून गेले. त्या दिवशी मला दुपारची झोपसुद्धा व्यवस्थित आली होती.

आता बी. कॉम.ला मी करार कायदा शिकलो आहे. १८७२ चा कायदा, कलम १३: दोन माणसं एकाच गोष्टीला एकाच अर्थाने कबूल झाली, तरच संमती. आठ मार्कांचा प्रश्न. मी तीन पानं लिहायचो, काकांनी एका वाक्यात लिहिला. त्याच पुस्तकात १९३४ चा एक विलायती खटलाही होता. एका कॅफेवाल्या बाईंनी सिगारेटचं यंत्र विकत घेतलं, बारीक टायपातला करार न वाचता सही केली, यंत्र बिघडलं, आणि कोर्ट म्हणालं, सही म्हणजे सही. कॉलेजात मी बाईंच्या बाजूने होतो. नोकरी लागल्यावर कंपनीच्या बाजूने गेलो. कधी गेलो, ते आठवत नाही. तिथेही बहुधा नुसतं 'नेक्स्ट' दाबलं असेल.

ग्राहकाला चकवून हो म्हणायला लावणाऱ्या तेरा ऑनलाइन युक्त्या केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम काढून बंद केल्या. काँप्युटरमध्ये व्हायरस आहे अशी खोटी भीती घालणंही त्यात आहे. मी यादी शोधून वाचली. काउंटरवर पेन्सिलीने फुली मारून "इथं, इथं, अन् इथं" म्हणणं त्यात नाही. हायसं वाटलं, पण जेवढं वाटायला हवं होतं तेवढं नाही.

मग मी ठरवलं, की आपण प्रत्येकाला कागद वाचून दाखवायचा. सोमवारी पहिल्याच गिऱ्हाइकाला वाचून दाखवला. सतरा मिनिटं लागली. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "साहेब, भागवत लावलं का जी?" साहेब केबिनमधून बाहेर आले. आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चुकत नव्हतं. सगळ्यांनी सगळं वाचायचं ठरवलं, तर बँक सोडा, कळमेश्वरचा बाजारही भरणार नाही. कुणाच्या तरी भरवशावर डोळे मिटल्याशिवाय गाडा चालत नाही. ज्याच्या भरवशावर डोळे मिटलेत, त्याने काय करावं, हे मात्र आठ मार्कांत कुणी विचारलं नाही.

काकांना निरोप धाडला. मंगळवारी आले. गेलेले बाराशे परत मिळणार नव्हते. पण पुढच्या वर्षीची कपात थांबवायचा अर्ज मी स्वतः लिहिला आणि मराठीत, सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून दाखवला. पोथी ऐकावी तसं त्यांनी हात जोडून ऐकलं.

"झालं काय जी?" वाचून संपल्यावर त्यांनी विचारलं. "कुठं करू सही?"

"काका, समजलं ना सगळं?"

"तुम्ही वाचलं न साहेब."

मी कागद त्यांच्यापुढे सरकवला. सहीच्या जागी पेन्सिलीची फुली आधीच मारलेली होती.