पूर्वजांचे दोष वाचावे काय?

स्कॉटलंड देशांतून गेल्या तीन शतकांत जे लोक कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत जाऊन राहिले, त्यांच्या वंशजांमध्यें आपल्या कुळाचा शोध करण्याची मोठी हौस दिसून येते. कोणाच्या घरीं आजीचें बायबल असतें व त्याच्या कोऱ्या पानावर चार पिढ्यांचे जन्म व मृत्यु लिहिलेले असतात. कोणाजवळ एखादें मृत्युपत्र, एखादें जहाजावरून लिहिलेलें पत्र किंवा थडग्यावरील लेखाची नक्कल असते. एवढें भांडवल हातीं घेऊन ते एडिंबरो शहरांतील सरकारी दप्तरखान्याकडे वळतात. आपला मूळपुरुष धर्मासाठीं छळ सोसणारा कोणी कव्हेनंटर निघावा, निदान एखाद्या सरदाराच्या पदरचा शूर शिपाई तरी निघावा, अशी आशा बहुतेकांच्या मनांत असते. परंतु दप्तर कोणाची भीड धरीत नाहीं. शोधणाऱ्याच्या हातीं पुष्कळदां येते ती बाप नसलेल्या एखाद्या मुलाची नोंद. मग प्रश्न उभा राहतो कीं, जें मेलेल्यांनीं आपल्याबरोबर मातींत नेलें, तें उकरून काढण्याचा आम्हांस अधिकार आहे काय?

हीं दप्तरें कशीं झालीं हें आधीं सांगितलें पाहिजे. त्या देशांत बाप्तिस्मा, लग्न व पुरणें यांची नोंद पूर्वीं मंडळीचा कारकून ठेवीत असे. त्यांतील सर्वांत जुनी वही पर्थशायर परगण्यांतील एरल गांवची असून ती इ. स. १५५३ पासून आहे. कारकून आळशी असला म्हणजे वर्षेंच्या वर्षें कोरीं जात. पुढें १७८३ मध्यें सरकारनें प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसविला. अगदींच दरिद्री लोकांस तो माफ होता. तथापि ज्यांना दरिद्री म्हणवून घेणें नको होतें व पैसेही देणें नको होतें, त्यांनीं मुलांचीं नांवें लिहविलींच नाहींत. हा कर १७९४ मध्यें उठला. तीन पेन्सांसाठीं एक मनुष्य वहींतून कायमचा नाहींसा व्हावा, हें वाचून हंसावें कीं रडावें हें कळत नाहीं.

१ जानेवारी १८५५ पासून हें काम सरकारनें आपल्याकडे घेतलें. त्या पहिल्या वर्षीं जन्माच्या नोंदींत आईबापांचीं वयें, त्यांचीं जन्मस्थानें, लग्न केव्हां व कोठें झालें, आधींचीं मुलें किती जिवंत व किती मेलेलीं, इतकें सर्व विचारून लिहीत. कारकुनांस हें ओझें झेपेना, म्हणून दुसऱ्याच वर्षीं तें कमी केलें. ज्याच्या पणज्याचा एखादा भाऊ १८५५ सालीं जन्मला, त्याचें काम पुष्कळ सोपें झालें असें समजावें. आणखी एक गोष्ट त्या देशाच्या कागदांत चांगली आहे. लग्न झालें तरी स्त्रीचें माहेरचें आडनांव बहुधा टाकीत नाहींत. मृत्यूच्या नोंदींत व पुष्कळ थडग्यांवरही तें लिहिलेलें असतें.

परंतु या सर्वांहून बोलकीं बाडें म्हणजे मंडळीच्या वडिलांच्या सभेचीं, म्हणजे सेशनचीं, कामकाजाचीं पुस्तकें होत. यांत गांवच्या पापांचा हिशेब आहे. शब्बाथ मोडला, मद्य पिऊन भांडण केलें, खोटें बोललें, आणि सर्वांहून अधिक म्हणजे लग्नावांचून मूल झालें, या गोष्टींसाठीं वडील मनुष्यास बोलावीत, साक्षी घेत, व दोष शाबीत झाला म्हणजे त्यास उपासनेच्या वेळीं सर्वांसमोर उभें करीत किंवा पश्चात्तापाच्या चौरंगावर बसवीत. अविवाहित स्त्री प्रसूतीच्या वेदनांत असतां सुइणीनें तिला बापाचें नांव विचारावें, अशी आज्ञाही कांहीं ठिकाणीं होती. प्रसिद्ध कवि रॉबर्ट बर्न्स यासही १७८६ मध्यें मॉकलिन गांवीं जीन आर्मर हिच्या प्रकरणीं पाळक विल्यम ऑल्ड यांच्यापुढें उभें राहून कानउघाडणी ऐकावी लागली. तो कवि होता, म्हणून लोक ती गोष्ट आज कौतुकानें सांगतात. ज्या मोलकरणी त्याच जागीं उभ्या राहिल्या त्यांचें कौतुक कोणी केलें नाहीं. हीं पुस्तकें २०२१ पासून घरबसल्या वाचावयास मिळूं लागलीं आहेत.

यावर कोणी म्हणेल, शिक्षा भोगून झाल्यावर त्याच पुस्तकांत वडिलांनीं त्या स्त्रीस दोषमुक्त केल्याचें लिहिलें आहे. ज्याची क्षमा झाली तें पुन्हां वाचणें म्हणजे क्षमा मोडणेंच नव्हे काय? हा आक्षेप हलका नाहीं. जिवंत मनुष्याविषयीं असें कोणी करील तर आम्ही त्यास चहाड म्हणूं, आणि मेलेल्यास तर उत्तर देण्याचीही सोय नाहीं.

तरी आमचा कौल वाचण्याच्या बाजूस आहे, आणि त्याचें कारण हें: गरिबाचें नांव कोणत्या कागदांत येतें, याचा विचार करावा. ज्याची जमीन त्याचें नांव जमिनीच्या दस्तांच्या वहींत येतें. तशी सर्व देशाची वही तेथें १६१७ पासून आहे. ज्याची मालमत्ता त्याचें मृत्युपत्र असतें, व त्यांत त्याच्या गाई, भांडीं व देणींघेणीं सुद्धां मोजलेलीं सांपडतात. शेतावर राबणाऱ्या मोलकरणीजवळ यांतलें कांहीं नव्हतें. तिला लिहितांही येत नसे. तिनें तोंडानें काय उत्तर दिलें, तो कोणत्या जत्रेहून परत येतांना भेटला, त्यानें काय वचन दिलें होतें, हें सर्व जगांत एकाच ठिकाणीं लिहून राहिलें, व तें ठिकाण म्हणजे तिच्या अपमानाचें पान. तें पान मिटून टाकलें तर तिची लाज झांकली जात नाहीं. ती स्वतःच नाहींशी होते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं जी वंशावळी आहे तिच्यांत तामार, राहाब, रूथ व उरीयाची बायको यांस वगळलेलें नाहीं, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

मात्र वाचणाऱ्यानें वडिलांच्या खुर्चीवर बसून वाचूं नये. त्या सभेनें स्त्रीस जितके प्रश्न विचारले तितके पुरुषास विचारले काय, तो गांव सोडून गेला तेव्हां त्याचा पाठलाग कितपत झाला, हें पाहावें म्हणजे पुष्कळदां दोषाची जागाच बदलते.

आतां मानाविषयीं. स्कॉटलंडमधील कुळाचें आडनांव सांपडलें कीं लोक त्या कुळाचा पट्टेदार कपडा विकत घेतात. परंतु सरदाराच्या जमिनीवर राहणारीं कुळें पुष्कळदां त्याचेंच आडनांव घेत. त्यावरून रक्त एक होतें असें ठरत नाहीं. कपड्याची गोष्ट तर याहून नाजूक आहे. १८२२ मध्यें राजा चवथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हां सर वॉल्टर स्कॉट यांनीं घडवून आणलेल्या समारंभानें या पट्ट्यांची आवड देशभर पसरली. पुढें १८४२ मध्यें, आपण स्ट्युअर्ट राजघराण्यांतले आहों असें सांगणाऱ्या दोघां भावांनीं कुळांच्या पट्ट्यांचें एक भव्य पुस्तक छापलें; त्याचा जुना आधार बनावट ठरला, पण त्यांतील पट्टे अजून विकले जातात. शिवाय दहा पिढ्या मागें गेलें तर प्रत्येकाच्या वंशवृक्षांत १०२४ जागा होतात. त्यांतून एक सरदार वेंचून घ्यावयाचा व बाकीचे १०२३ सोडून द्यावयाचे, याला शोध म्हणावें कीं निवडणूक?

पणज्याचें शौर्य जो आपलें म्हणतो, त्यानें पणज्याची लबाडीही आपली म्हटली पाहिजे. आमच्या मतें दोहोंपैकीं एकही आपलें नव्हे. वारशानें येतें तें ऋण. १८३३ च्या कायद्यानें ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचें ठरलें, तेव्हां दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मालकांना मिळाली. गुलामांना एक पैही नाहीं. मागणी करणाऱ्यांच्या याद्या लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजानें २०१३ पासून सर्वांस खुल्या केल्या आहेत. त्यांत स्कॉच नांवें पुष्कळ असून मोठ्या जमीनदारांबरोबर विधवा व पाळकही आहेत. खुद्द बर्न्सनें १७८६ मध्यें जमेकांतील ऊंसाच्या मळ्यावर कारकुनीस जाण्याची तयारी केली होती. कवितांचें पुस्तक चाललें म्हणून तो राहिला. अशा यादींत आपलें नांव दिसलें तर, 'त्या काळीं सर्वच तसें करीत', असें म्हणून पान उलटणें सोपें आहे. पण सर्व तसें करीत नव्हते, म्हणूनच कायदा झाला. त्या पैशानें घर बांधलें गेलें असेल, मुलें शिकलीं असतील, तर तेथें कांहीं देणें उरलें आहे. तें कोणत्या नाण्यांत फेडावें हें ज्याचें त्यानें ठरवावें.

याच न्यायानें २०२२ ची एक गोष्ट पाहावी. १५६३ पासून १७३६ पर्यंत त्या देशांत चेटुकाविरुद्ध कायदा होता, व त्याखालीं सुमारें ३,८०० माणसांवर, बहुतेक स्त्रियांवर, आरोप आले. २०२२ च्या मार्च महिन्यांत तेथील सरकारच्या प्रमुख मंत्रीणबाईंनीं व मे महिन्यांत चर्च ऑफ स्कॉटलंडच्या महासभेनें त्याबद्दल क्षमा मागितली. दुसऱ्याच्या पापाचा पश्चात्ताप कोणास करतां येत नाहीं, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्या सभेनें चूक केली ती सभा अद्यापि उभी आहे. धनी बदलला म्हणून पेढीचें कर्ज बुडत नाहीं.

या शोधाचें एक टोंक आमच्या देशांतही येऊन पोंचतें. कंपनी सरकारच्या नोकरींत स्कॉच अधिकारी व व्यापारी पुष्कळ होते, आणि त्यांतील अनेकांस येथील स्त्रियांपासून मुलें झालीं. शिंद्यांच्या फौजेंत चाकरी केलेला जेम्स स्किनर (१७७८-१८४१) हा अशाच घरचा. बाप स्कॉच व आई रजपूत. त्या काळच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहाव्या तर बापाचें नांव, हुद्दा, पलटण, सर्व नीट लिहिलेलें असतें. आईची जागा पुष्कळदां कोरी असते. शोधणारा वंशज बापाकडून सात पिढ्या चढतो, आणि आईकडून पहिल्याच पायरीवर थांबतो. मॉकलिनच्या वडिलांनीं निदान त्या बाईचें नांव विचारलें होतें.

राहतां राहिला जिवंतांचा प्रश्न. तेथील दप्तरखाना जन्माच्या नोंदी शंभर वर्षें, लग्नाच्या पंचाहत्तर व मृत्यूच्या पन्नास वर्षें झाल्यावांचून घरबसल्या पाहूं देत नाहीं. हा नियम चांगला आहे, पण तो कागदापुरता. घरांत नव्वद वर्षांची आत्या आहे व तिच्या आईच्या जन्माची गोष्ट तिला ठाऊक नाहीं. अशा वेळीं सांपडलेला कागद घेऊन तिच्याकडे धांवणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. तिनें विचारलें तर मात्र खोटें सांगूं नये, आणि अर्धेंही सांगूं नये. १८४५ चा गरिबांविषयींचा कायदा होईपर्यंत गांवच्या गोरगरिबांस पैसे व पीठ देण्याचें काम बहुतेक सेशनकडेच असे, आणि त्याचा जमाखर्च तेच वडील लिहीत. तेव्हां ज्या पुस्तकांत एखाद्या स्त्रीस तरुणपणीं चौरंगावर बसविल्याचें लिहिलें आहे, त्याच गांवच्या वह्यांत चाळीस वर्षें पुढें जाऊन पाहावें. म्हातारपणीं तिला काय दिलें, कोणत्या हिंवाळ्यांत दिलें, आणि पुरण्याचा खर्च कोणी सोसला, हेंही पुष्कळदां तेथें सांपडतें.