ताप नसलेला मलेरिया

१९५८ साली देशाने मलेरियाविरुद्धच्या कार्यक्रमाचे उद्दिष्ट बदलले. पाच वर्षे जो राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम चालला होता, तो निर्मूलनाचा कार्यक्रम झाला. त्याच वर्षी शुक्ला आणि सोळंकी या नागपूरच्या संशोधकांनी मध्य भारतातल्या लोकांच्या रक्तात सिकलसेलचे जनुक सापडल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. हे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आले, तर ते माणसाला प्राणघातक मलेरियापासून बरेचसे वाचवते, हे ॲलिसन या संशोधकाने पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून १९५४ मध्ये दाखवले होते. दोघांकडूनही आले की मात्र आयुष्यभराचे दुखणे मागे लागते. डागा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये रक्त घ्यायला येणारी सिकलसेलची मुले आपण नागपूरकर नेहमी पाहतो. त्यांच्या वेदनेचे मूळ शोधत गेलो, तर बहुधा कित्येक पिढ्यांच्या मलेरियापाशी जाऊन पोहोचतो. इथल्या माणसांना तो इतका काळ मारत आला, की रक्तालाच त्याच्याशी महागडी तडजोड करावी लागली.

असा आजार काही वर्षांत संपवू, असे देशाला वाटले आणि तो खरोखरच संपत आला होता, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला सुमारे ७.५ कोटी रुग्ण आणि ८ लाख मृत्यू, असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रुग्ण सुमारे १ लाखावर आले. १९७६ मध्ये ते ६४ लाखांवर गेले. डीडीटीला डास दाद देईनासे झाले, हे त्याचे एक कारण. परंतु शेजारच्या श्रीलंकेचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तिथे १९६३ साली देशभरात अवघे १७ रुग्ण नोंदले गेले. फवारणी थांबली, तपासणी ढिली पडली आणि १९६८-६९ मध्ये पाच लाखांहून अधिक लोक तापाने फणफणले. मलेरिया परतला तो आपण जिंकत आलो असताना. श्रीलंकेने हा धडा घेतला. शेवटचा रुग्ण सापडेपर्यंत आणि त्यानंतरही यंत्रणा हलवली नाही, म्हणून २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशाला मलेरियामुक्त ठरवले.

भारताने २०२७ पर्यंत स्थानिक संसर्ग शून्यावर आणायचा आणि २०३० पर्यंत मलेरिया संपवायचा, असे ठरवले आहे. विदर्भापुरते या ठरावाचे भवितव्य गडचिरोलीत ठरेल. नागपुरात हे सहसा जाणवत नाही, कारण आपला डासांशी झगडा वेगळा आहे. कूलरच्या टाकीत वाढणारा एडिस डास डेंग्यू आणि चिकनगुनिया पसरवतो. २०२४ च्या पावसाळ्यात चिकनगुनियाने शहराला सांधे धरून बसवले, तेव्हा गल्लोगल्ली धूरफवारणीची मागणी झाली. ती साहजिक होती. मात्र धुराने फार तर त्या क्षणी उडणारे डास मरतात, आणि गडचिरोलीच्या मलेरियाला त्याने धक्काही लागत नाही.

तिथले चित्र निराळे आहे. नागपूरपासून सुमारे १७० किलोमीटरवर गडचिरोली शहर आहे आणि भामरागड तिथून जवळपास तेवढेच पुढे. जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाखाली आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि हेच नेमके तापाचे दिवस असतात. भातखाचरे, डबकी, बोड्या यांत वाढणारा ॲनाफिलिस क्युलिसिफेसीज हा एक डास. डोंगरउतारावरच्या संथ ओढ्यांत वाढणारा ॲनाफिलिस फ्लुव्हिएटिलिस हा दुसरा, माणसाच्या रक्ताला अधिक सोकावलेला. पाऊस ओसरल्यावर ओढे निवळतात तसा हा दुसरा डास वाढतो, म्हणून तापाचा हंगाम हिवाळ्याच्या तोंडापर्यंत लांबतो. त्यात इथला परजीवी बहुतांशी फॅल्सिपेरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत पोहोचून लहान मुलाला दोन-तीन दिवसांत नेणारा.

‘आदिवासी मच्छरदाणी वापरत नाहीत, फवारणी करू देत नाहीत’ असे नागपुरात बसून बोलणे सोपे आहे. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. धान पिकायला आले की रानडुकरांपासून ते राखायला माणूस रात्री शेतातच झोपतो. मे महिन्यात तेंदूपान तोडायला कुटुंबेच्या कुटुंबे जंगलात मुक्कामाला जातात. घरातल्या भिंतीवरचे औषध त्यांचे तिथे काय रक्षण करणार? सणापूर्वी भिंती सारवल्या की औषध मातीखाली जाते. घरात देवाची जागा असते, धान्य उघड्यावर असते, त्यामुळे फवारणीवाल्याला आत घ्यायला घरची बाई कचरते. यातली एकही गोष्ट अडाणीपणाची नाही. कार्यक्रमाची आखणी करताना माणूस कुठे झोपतो, एवढे जरी आधी विचारले असते, तरी मच्छरदाणी घराऐवजी शेतातल्या मचाणाच्या मापाची शिवता आली असती.

या सगळ्यापेक्षा अवघड अडथळा डोळ्यांना दिसत नाही. आपली सारी यंत्रणा तापाभोवती उभी आहे. ताप आला की आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेते, पट्टीवर तपासते आणि गोळ्या देते. दुर्गम गावात घराच्या दारात हे होते आहे, ही मोठीच कमाई आहे. मृत्यू कमी झाले ते यामुळेच. परंतु लहानपणापासून वारंवार मलेरिया झालेल्या माणसाच्या शरीरात परजीवी असूनही त्याला अनेकदा ताप येत नाही. तो शेतावर जातो, बाजारहाट करतो, पाहुणा म्हणून दुसऱ्या गावी राहतो आणि त्याला चावलेला डास पुढच्या माणसाला आजार देतो. तापाची वाट पाहणाऱ्या यंत्रणेला हा माणूस कधीच भेटत नाही. व्हायवॅक्स जातीचा परजीवी तर यकृतात महिनोन्‌महिने दडून राहतो. त्याला काढायला प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते. ताप तीन दिवसांत उतरल्यावर उरलेल्या गोळ्या कोण घेतो? शिवाय ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी या विकराची उणीव आहे, त्यांना हेच औषध बाधू शकते. ते गरोदर बाईला देता येत नाही, तान्ह्या बाळालाही नाही.

यावर उपाय शेजाऱ्यांनी करून दाखवला आहे. ओडिशाने २०१७ पासून ‘दमन’ या मोहिमेत दुर्गम गावांत शिबिरे भरवून ताप असो वा नसो, सगळ्या गावाचे रक्त तपासले आणि जोडीला मोठ्या प्रमाणावर मच्छरदाण्या वाटल्या. दोन-तीन वर्षांत रुग्ण ८० टक्क्यांहून अधिक घटले. छत्तीसगडने २०२० मध्ये ‘मलेरियामुक्त बस्तर’ अभियानात तेच केले. पहिल्या फेरीत परजीवी सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना ताप नव्हताच. बस्तर म्हणजे गडचिरोलीच्या सीमेला लागूनचाच मुलूख. माडिया आदिवासी माणसाची सोयरीक आणि बाजार दोन्ही बाजूंना आहेत.

या पद्धतीवर आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. रक्तात परजीवी फारच थोडे असतील तर पट्टीवर ते उमटत नाहीत. खर्च मोठा येतो. धडधाकट माणूस गोळ्या घ्यायला राजी होत नाही. म्हणूनच एका फेरीने भागत नाही, वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा जावे लागते. ओडिशात कोरोनाच्या काळात शिबिरे थांबली आणि पुढच्या काही वर्षांत आकडे परत वर सरकले. म्हणजे औषध, पट्टी, मच्छरदाणी यांच्याइतकेच महत्त्व सातत्याला आहे. आणि सातत्य म्हणजे शेवटी माणसे: त्या भागात राहणारा, माडिया बोलणारा आरोग्य सेवक, सूक्ष्मदर्शकापाशी बसणारा तंत्रज्ञ, वेळेवर मोबदला मिळणारी आशाताई. शासकीय हिशेबात रुग्ण कमी झाले की या माणसांची गरजही कमी झाली, असे धरले जाते. मलेरियाचा हिशेब उलटा आहे. रुग्ण जितके विरळ, तितके ते शोधायला अधिक चालावे लागते.

डिसेंबरमध्ये विधिमंडळ नागपुरात भरते. तोवर तापाचा हंगाम ओसरत आलेला असतो, त्यामुळे हा विषय मागे पडणे सोपे असते. चर्चा झालीच तर ‘किती रुग्ण, किती मृत्यू’ एवढ्यावर संपते. नागपुरातल्या डॉक्टरांनी, पत्रकारांनी आणि सुजाण नागरिकांनी आपापल्या आमदाराला तीन प्रश्न विचारायला लावावेत. एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची या तालुक्यांत आरोग्य सेवकांची आणि तंत्रज्ञांची किती पदे रिकामी आहेत? पावसाळ्यापूर्वी ताप नसलेल्या किती माणसांचे रक्त तपासले? आणि रुग्णसंख्या घटली तरी २०३० पर्यंत यातले एकही पद कमी करणार नाही, अशी लेखी हमी शासन देते का?