तीन नंबरचा बावटा

पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली, तशी आई हर्णैला माहेरी आली. थोरला भाऊ जुना तांडेल. ओटीवर बसलं की समोर सुवर्णदुर्ग दिसायचा आणि संध्याकाळी बंदरावरचा मासळीचा लिलाव ऐकू यायचा.

आईची तीन मुलं तीन गावी. रात्री जेवणं आटोपली की ती फोन घेऊन बसे आणि याची बातमी त्याला सांगे. "ताईच्या मुलीला वक्तृत्वात बक्षीस मिळालं." "दादाच्या घराला रंग देऊन झाला." "धाकट्याचं ठाण्यात झकास चाललंय." शेवटी सगळ्यांना एकच सांगणं, "माझी काळजी करू नका, इथली हवा मानवली मला."

फोन ठेवला की ती पदराआडून टाके चाचपून बघे. एक टाका चिघळला होता. रात्री अंगात कसकस असे. पण पोरं आपापल्या व्यापात. त्यांना कशाला घोर लावायचा?

ऑक्टोबरातल्या एका सकाळी बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला. वारा अजून पडलेला होता, तरी होड्या एकामागून एक आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला शिरू लागल्या.

"आभाळ तर स्वच्छ आहे. उगाच धंदा बुडवतायत," आई म्हणाली.

भाऊ जाळं विणता विणता म्हणाला, "बावटा लावला म्हणून वादळ येत नाही आणि झाकून ठेवला म्हणून थांबत नाही. वेळेवर दिसला तर माणूस खाडी गाठतो, एवढंच." मग मान वर करून त्याने विचारलं, "रात्री कण्हत असतेस. पोरांना सांगितलंस?"

आई काहीच बोलली नाही. त्या रात्री मात्र तिने तिघांनाही खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी लेक नाशिकहून निघाली. तिने आईला दापोलीला डॉक्टरांकडे नेलं. जखमेत पू झाला होता. "आणखी चार दिवस काढले असते तर टाके उसवावे लागले असते," डॉक्टर म्हणाले. औषध सुरू झालं, ताप उतरला.

त्याच आठवड्यात धाकट्याचा फोन आला. "आई, तू सांगितलंस म्हणून मीही सांगतो. नोकरी जाऊन दोन महिने झाले. तू आजारी, म्हणून बोललो नाही." आईने फोन ठेवला आणि लगेच थोरल्या मुलाला लावला. त्याने ओळखीत शब्द टाकला. दिवाळीआधी धाकटा कामाला लागला.

इतके दिवस त्या घरात बातम्या रोज फिरत होत्या. फक्त ज्यांची गरज होती त्याच अडून राहिल्या होत्या.

तात्पर्य : आनंदाची बातमी उशिरा कळली तरी चालते, अडचणीची बातमी आपल्या माणसांना वेळेवर सांगावी.